सुदाम्याचे पोहे

पोह्यांची बशी हातात धरून श्रीनिवास नुसताच बसला होता. दोघांना बोलता यावं म्हणून मोठी माणसं आत गेली होती, आणि शर्वरीने मनात नकार पक्का केला होता. आधी पाहायला आलेल्या दोघांनी तिच्या कीर्तनाची तोंडभर स्तुती केली होती, पण आख्यान कुठलं होतं ते एकालाही सांगता आलं नव्हतं. हा तिसरा.

"काल देवळात मी होतो कीर्तनाला," तो म्हणाला. "एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"कृष्णाने सुदाम्याला मिठी मारली, त्याचे पाय धुतले, आणि सुदामा एकदम घरीच निघाला. पोहे द्यायचे राहिले का?"

शर्वरीचा चेहरा उतरला. त्या मिठीत ती स्वतःच इतकी रंगली होती की पुढचं विसरली. भरल्या मंडपात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. गोष्ट सगळ्यांना पाठच होती.

"राहिले खरे."

"चूक नाही काढत हो. पण घरी गेल्यावर मला चैन पडेना. बिचारी बायको शेजारून मागून आणते, हा एवढा चालत जातो, आणि पुरचुंडी कुणी सोडतच नाही."

त्याचा आवाज खरोखरच कातर झाला होता. शर्वरीने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

ती आत आल्यावर आईने तिला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "काय सांगू? त्यांचं घर दोनच खोल्यांचं आहे हं."

"हो म्हणून सांग."

"एवढं काय दिसलं गं?"

"तो ऐकतो, आई."

"लग्नाआधी सगळेच ऐकतात."

"माझं नाही गं. सुदाम्याचं."