छातीवर बसणारी

वल्लरीचे डोळे उघडे होते, पण हात हलत नव्हता. डोक्यावर पंखा फिरताना दिसत होता. खालून भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती. टळटळीत दुपार होती आणि तिच्या छातीवर कुणीतरी गुडघे रोवून बसलं होतं. ओरडायला तिने सगळा जीव एकवटला, पण घशातून नुसती हवासुद्धा निघेना. वाकलेला चेहरा तिला स्पष्ट दिसला. उज्वलाचा.

मग करंगळी हलली आणि सगळं एकदम सुटलं. ती धडपडत उठून बसली. उज्वला समोरच्या कॉटवर होती. भिंतीला पाठ टेकलेली, मांडीवर पुस्तक, आणि नजर वल्लरीवर. काय झालं म्हणून तिने विचारलंही नाही.

दोघी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. कॉलेज रोडच्या मागे सुधाकाकूंच्या घरात वरची खोली त्यांनी मिळून घेतली होती. वल्लरी त्र्यंबकच्या ढुंढिराज गुरुजींची मुलगी, उज्वला वणीजवळच्या एका शेतकऱ्याची. पहिल्या वर्षी एका ताटात जेवायच्या. परीक्षा जवळ आली तशी जागरणं वाढली, मिळेल तेव्हा झोपायचं असं सुरू झालं, आणि हे असलं काहीतरी मागे लागलं.

वल्लरीने फोनवर शोधून पाहिलं होतं. जागरणाने असं होतं, मेंदू जागा होतो पण शरीर झोपलेलंच राहतं, कुणी कुणी दिसतं, असं तिथे लिहिलेलं होतं. पटण्यासारखं होतं. पण मग दर वेळी उज्वलाच का? एखादी अनोळखी बाई का नाही? त्याचं उत्तर कुठे मिळालं नाही.

आणि उज्वला वागतही तशीच होती. वल्लरीने केलेला चहा ती हल्ली घेत नसे, पोटात जळजळतं म्हणायची. स्वतःचा मात्र वेगळा करून प्यायची. वल्लरी अंथरुणावर पडली की ती जागी राहायची. एकदा जिन्यात ती आईशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. "आज परत झालं. हो, तीच. कुणाला सांगू नको," एवढंच वल्लरीच्या कानावर आलं. तिने घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, त्या लोकांमध्ये काय काय करतात कोण जाणे, तू तिच्या हातचं काही खाऊ नकोस.

त्या दुपारी उज्वला आंघोळीला गेली तशी वल्लरीने तिची उशी उचलली. खाली अडकित्ता होता. जुना, जड, लोखंडी. सुपारी खाणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

वल्लरी तशीच खाली सुधाकाकूंकडे गेली. एक तर ती राहील नाहीतर मी, असं तिने सांगितलं. काकूंना घरात भानगड नको होती. त्यांनी वणीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने उज्वलाचे वडील आले. पुंजा त्यांचं नाव. चपला दाराबाहेर काढून ते खाली काकूंकडेच सतरंजीच्या कडेला बसले. काकूंनी सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"आमची पोर तसली नाय, ताई," ते म्हणाले. "पण तुमच्या घरात नको वाटत असंल, तर नेतो मी तिला."

नेतो म्हणजे काय, हे वल्लरीला माहीत होतं. उज्वलाला गेल्या दिवाळीपासून स्थळ सांगून आलेलं होतं. पोरगी शिकतेय, एवढ्या एका कारणावर पुंजांनी ते अडवून धरलं होतं.

उज्वला रडेल, भांडेल, हातापाया पडेल, असं वल्लरीला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. तिची बॅग आधीच भरलेली होती. वळकटीसुद्धा बांधून तयार होती. सुटका व्हावी तशी ती भराभर जिना उतरून आली आणि वडिलांच्या शेजारी उभी राहिली. वल्लरीच्या मनात पुन्हा संशय आला. हिला जायची एवढी घाई का?

"तो अडकित्ता कशासाठी होता?" तिने विचारलं.

उज्वलाने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी सरळ तोंडाकडे पाहिलं.

"तुझ्यासाठी."

काकूंनी पदर तोंडाला लावला. उज्वला थांबली नाही.

"मी झोपले की तू येऊन छातीवर बसतेस. मला बोटसुद्धा हलवता येत नाही. आई म्हणाली, उशाला लोखंड ठेव, मग नाही येणार. तरी येतेस."

वल्लरीचा हात आपोआप स्वतःच्या छातीकडे गेला. मग ती खाली बसली आणि सांगू लागली. डोळे उघडे असतात, पंखा दिसतो, बाहेरचे आवाज येतात. ओरडावंसं वाटतं आणि घशातून...

"हवासुद्धा निघत नाही," उज्वला म्हणाली.

"आणि वर बघितलं की तू असतेस."

उज्वलाच्या हातातली बॅग हळूच जमिनीवर टेकली. वरच्या खोलीत येऊन दीड वर्ष झालं, डोळे मिटताना आणि उघडताना समोर दिसायचा तो एकमेकींचाच चेहरा.

पुंजा या पोरीकडून त्या पोरीकडे बघत राहिले. त्यांना एवढंच कळलं की दोघींनाही एकच त्रास आहे.

"मंग तिथं येतं तरी कोण?" त्यांनी विचारलं.

उज्वला वल्लरीशेजारी सतरंजीवर टेकली.

"कोणीच नाय, आण्णा," ती म्हणाली. "आम्ही दोघीच हाय."