माझ्या मागे या!

ताईने महिनाभर खपून आखलेला रस्ता पडलेल्या पुलापाशीच संपला. फोनला रेंज नव्हती. धाकटीने मोटरसायकल एका टेलरिंगच्या दुकानासमोर उभी केली आणि मागे बसलेल्या ताईने विचारलं, "डोंगरावरच्या तळ्याकडे कसं जायचं?"

टेलरबाईंनी हातातलं कापड तसंच टाकून स्कूटर काढली. "सांगून नाही कळायचं. माझ्या मागे या!"

वाटेत बाईंनीच दोनदा लोकांना रस्ता विचारला, तेव्हा ताई धाकटीच्या कानाशी कुजबुजली, "यांनाच रस्ता माहीत नाही वाटतं!" पण शेवटचं वळण घेतलं आणि समोर लखलखतं तळं!

"आमच्यामुळे उगाच एवढ्या लांब यावं लागलं तुम्हाला," ताई संकोचून म्हणाली.

"उगाच कसं?" तळ्यावरची नजर न काढता बाई हसल्या. "मीसुद्धा पहिल्यांदाच बघतेय. इतकी वर्षं गाड्या दुकानावरून नुसत्या भुर्रकन जायच्या. थांबून कुणी रस्ताच विचारला नाही!"