पुढची सीट

उजवं चाक पुन्हा उचललं.

गोरक्षनाथनं दोन्ही हातांनी हँडल आवळलं. पाटाचं वळण अजून अर्धं बाकी होतं. डावीकडे तुडुंब भरलेला पाट, समोरून ऊस लादलेली ट्रॉली आणि मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेली त्याची लेक. गाडी पाण्याकडे कलली. त्यानं ब्रेक दाबला, सगळं अंग उजवीकडे टाकलं आणि चाक धाडकन खाली आलं. ट्रॉलीतल्या उसाची टोकं त्याच्या खांद्याला घासून गेली.

"धने, लागलं का गं?"

"न्हाई," धनश्री मागून म्हणाली.

गोरक्षनाथचं गेट-ग्रिलचं वर्कशॉप होतं. उन्हाळ्यापासून त्यानं या तीनचाकीचा ध्यास घेतला होता. पुढं भंगारातल्या स्कूटरचं तोंड, मागं दोन चाकं, मध्ये मोटर आणि बॅटरी. धनश्रीच्या पायांत जन्मापासून जोर नव्हता. मोटारसायकलवर लांबचा पल्ला तिच्या पाठीला झेपत नसे. आणि उद्या सोमवारी तिला संगमनेरला कॉलेजच्या ग्रंथालयात रुजू व्हायचं होतं. आयुष्यातली पहिली नोकरी. उद्या पोचली नाही, तर जागा दुसऱ्या कुणाची तरी.

गाडीचं पहिलं चित्र तिनंच काढलं होतं, वर्कशॉपच्या फरशीवर, खडूनं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध बसकी अशी एकच सीट आणि तिथवर येणारं लांबलचक हँडल. गोरक्षनाथला हसू आवरेना. "ही गाडी हाय का बाज? आन् तुला एकटीला सोडीन व्हय मी?" त्यानं चित्र पुसलं आणि स्वतःसाठी पुढं एक ऐसपैस सीट जोडली. नेणार तोच, आणणारही तोच. आजवर तसंच चाललं होतं. घरातून निघताना "येतो गं!" असा आवाज देणं हे त्याचं काम. धनश्री कधी त्याच्या पाठीवर, कधी मागच्या सीटवर. तिचं येणं त्याच्या येण्यातच धरलेलं असायचं.

गाडी अंगणात आली तशी त्याची बायको, विजयमाला, दारात आली. "काय झालं?"

"वळनच वाकडं हाय तिथलं," तो गुरगुरला.

"व्हय, नाचता येईना..." म्हण अर्धीच राहिली. नवऱ्याचा पांढराफटक चेहरा तिनं पाहिला होता.

गोरक्षनाथनं आतून ग्राइंडर आणला. "तोडून टाकतो ही गाडी. लेक पाटात घालायची न्हाई मला. नोकरी नको म्हनून कळवून टाकू."

धनश्री अजून सीटवरच होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आप्पा, गाडीत खोट न्हाई. तुमी उतरा."

"उतरलोच हाय की."

"तसं न्हाई. कायमचं."

त्यानं ग्राइंडर खाली ठेवला.

"मी दोन चाकांच्या मधी बसलेय, खाली. तुमी एका चाकावर, त्यात उंचावर. वळनावर तुमचं वजन बाहेर जातं, आन् तुमीच मला घेऊन पलटी खाता."

गोरक्षनाथला भयंकर राग आला. ज्या लेकीला तळहाताच्या फोडासारखं जपलं, तिनं हे बोलावं! बरं, बघूच. तिला खोटं पाडायच्या जिद्दीनं त्यानं पुढची सीट कापली. हँडल लांबवून तिच्या मांडीपर्यंत आणलं. ब्रेक, रेस, सगळं तिच्या हाताशी दिलं. विजयमालानं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

ऊन कलताना ते पुन्हा पाटावर गेले. धनश्री गाडी चालवत होती आणि गोरक्षनाथ सांगाड्याची मागची नळी घट्ट धरून शेजारून पळत होता. वळण आलं.

"हात काढा, आप्पा."

"वळन तर सरू दे!"

"तुमी धरल्यावर गाडीचं काय कळनार?"

त्यानं हात काढला. गाडी पुढं गेली. त्याची नजर उजव्या चाकावर खिळली. आता उचलेल, आता उचलेल. गाडी वळली. पाट मागं पडला. चाक रस्त्याला चिकटून होतं.

घोडं कुठं पेंड खात होतं ते त्याला कळलं. घोडं म्हणजे तो स्वतःच. तो धापा टाकत रस्त्याच्या कडेला बसला आणि त्याला एकदम रडू आलं. आनंदाचं होतं की कसलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी विजयमालानं डबा गाडीच्या जाळीत ठेवला. गोरक्षनाथनं सवयीनं चपला चढवल्या, सवयीनं घराकडे तोंड करून "ये..." म्हणाला, आणि थांबला. तो कुठंच चालला नव्हता.

"येते गं आई," धनश्री म्हणाली. मग त्याच्याकडं वळली. "येते, आप्पा."

तिच्या तोंडून हा शब्द त्यानं आजवर ऐकला नव्हता. मागं राहणाऱ्यानं काय म्हणायचं असतं, ते त्याला चटकन आठवेना. तो नुसताच गेट उघडून बाजूला झाला. गाडी बाहेर पडली, रस्त्याला लागली, तेव्हा कुठं त्याला आवाज फुटला.

"ये, बाई," तो म्हणाला. "ये."