बर्फातली पावलं

मुलगी टीव्हीकडे पाठ करून बसली होती. चित्र बघितलं की कान आळशी होतात, असं तिची आई म्हणायची. सिनेमातल्या पावलांचे, दारांचे, कपबश्यांचे आवाज करून देणं हे आईचं काम होतं. पडद्यावर चालायचं दुसऱ्याने, आवाज आईच्या पायांचा.

आईने आवाज केलेला शेवटचा सिनेमा मुलांच्या सुट्टीत थेटरला लागला, तेव्हा या घरात सिनेमाला जाण्यासारखं कुणी नव्हतं. आई नुकतीच गेली होती. आता त्याची डीव्हीडी निघाली होती, आणि आईबरोबर काम करणारी, तिचे आवाज रेकॉर्ड करणारी मावशी दुपारीच ती घेऊन आली होती. वडिलांनी इतके दिवस मुलीला एकच सांगून ठेवलं होतं. डीव्हीडी येऊ दे, मग आई ऐकू येईल. दिसेल असं ते म्हणाले नव्हते.

टीव्हीवर दोन भावंडं बर्फातून पळत होती.

"ही आई," मुलगी मागे न बघता म्हणाली.

"दोघंही तीच," मावशी म्हणाली. "धाकट्यासाठी तुझे जुने बूट आणले होते. अर्धा पाय बाहेर ठेवून चालली. आणि बर्फ म्हणजे मक्याचं पीठ. घरी जाताना पांढऱ्या मांजरीसारखी दिसायची."

"घोडा कोण?"

"घोडापण तीच."

"घोड्याला चार पाय असतात."

"म्हणून तर जेवणाचा डबल डबा आणायची."

मुलगी हसली. वडीलही हसले आणि मग उगीचच पाणी प्यायला उठले.

ते परत आले तेव्हा भावंडं जंगलात वाट चुकली होती आणि बर्फाची आजी त्यांना भेटली होती. "मी तुम्हाला दारापर्यंत सोडेन," आजी म्हणत होती. "आत येणार नाही. आत ऊब असते, ती मला चालत नाही." मग ती चालायला लागली.

मुलीने मान तिरकी केली. थोडा वेळ ऐकलं.

"ही आई नाही."

"आहे गं," वडील म्हणाले. "नीट ऐक."

"नाही. आईचं डावं पाऊल घासतं. आणि या आजीला वजनच नाही." तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात सगळी आईच आहे."

वडिलांनी मावशीकडे बघितलं. मावशीने रिमोट घेऊन सिनेमा थांबवला आणि रिमोट मांडीवर उलटा ठेवला.

"भावोजी, ताई बोलली नाही तुम्हाला?"

"काय?"

"ती स्टुडिओत शेवटची आली होती तेव्हाचं."

"नुसती बसून येते म्हणाली होती. सगळ्यांना भेटून."

"बसलीच होती. उभं कुठे राहवत होतं? मी म्हटलं, आजीचं काम दुसरं कुणी करेल, तू घरी जा. तर म्हणाली, पोरांना जंगलात सोडून जाऊ होय? खाली फरशीवर बसली, बूट हातात घातले, आणि हातांनी चालत दोघांना दारापर्यंत आणून सोडलं." मावशी मुलीकडे वळली. "म्हणून वजन नाही, बाळा. हातांना कुठलं वजन. पण आईच आहे."

मुलगी फरशीकडे बघायला लागली.

"मध्येमध्ये थांबायची," मावशी वडिलांना म्हणाली. "चार पावलं झाली की दम लागायचा. तो ऐकू यायचा, म्हणून मी काढून टाकला."

"आहे का तो कुठे?"

"काय?"

"दम."

मावशीने मान हलवली. "असलं आम्ही ठेवत नाही, भावोजी."

वडील आपल्या बोटांकडे बघत बसले. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिच्या बोटांच्या सांध्यांवर काळेनिळे डाग होते. दवाखान्यातल्या सुयांचे असतील, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी त्यावर मलमही लावून दिलं होतं आणि सुया टोचणाऱ्या नर्सला शिव्या दिल्या होत्या. ती हसत होती.

मुलगी उठली. दाराजवळच्या चपलांच्या फळीवर आईचे कामाचे बूट होते. त्यांना अजून कुणी हात लावला नव्हता. तिने ते काढले. नाडीच्या भोकांत पांढरं पीठ अडकलेलं होतं. ती खोलीच्या त्या टोकाला गुडघ्यांवर बसली आणि तिने हात आत घातले. बूट कोपरापर्यंत आले.

"लाव," ती मावशीला म्हणाली.

मावशीने सिनेमा लावला. मुलगी आता पहिल्यांदाच चित्राकडे बघत होती. आजीचं पाऊल पडलं की तिचा बूट पडायचा. एक. मग दुसरा. सुरुवातीला मागेपुढे झाले, मग जुळले. टीव्हीतल्या बर्फातून आणि घरातल्या फरशीवरून ती हळूहळू पुढे येत राहिली. वडील पाय जवळ घेऊन बसले होते. तिने बूट त्यांच्या पायांपाशी आणून टेकवले.

पडद्यावर दार उघडलं. मुलं आत पळाली. आजी बाहेर उभी राहिली.

"आता तिला परत जायचं असतं," मुलगी म्हणाली.

टीव्हीतली पावलं वळली आणि लांब लांब जायला लागली. मुलीने हात हलवले नाहीत.