चाळीस फुटांचा आडोसा

"खासगीपणा हा सुसंस्कृत माणसाचा पहिला हक्क आहे!" निवृत्त वजनमापे निरीक्षकांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं. अंगात नुसता बनियन होता, पण आवाज असा की आजूबाजूच्या तीन घरांना हा हक्क एकदमच समजला. मग, घरात दुसरं माणूस नसल्यामुळे, टेपचं दुसरं टोक धरायला त्यांनी शेजाऱ्यालाच हाक मारली. कुंपण खरं तर त्याच्यामुळेच घालायचं होतं.

शेजारी लगेच आला आणि टोक धरून उकिडवा बसला. इतका तत्पर माणूस सरळ असूच शकत नाही, असा निरीक्षकांचा अनुभव होता. गेले चार महिने हा गृहस्थ रोज सकाळी साडेसहाला झुडपांवरून डोकावायचा, मोबाइलवर काहीतरी टिपायचा आणि पसार व्हायचा. काय टिपत असेल? झाडावरचे पेरू? की घर कधी रिकामं असतं, ते?

"चाळीस फूट भरलं," कुंपणासाठी बोलावलेला सुतार म्हणाला. "दर आठ फुटांवर खांब. सहा लागतील."

निरीक्षकांचे डोळे बारीक झाले. उभ्या नोकरीत त्यांनी पोकळ वजनं पकडली होती, पारड्याखालचं मेण खरवडून काढलं होतं.

"चाळीस भागिले आठ किती रे?"

"पाच."

"मग सहावा कुणाच्या घरी जाणार?"

"पाचच लावतो, साहेब. शेवटचं टोक धरून तुम्ही उभे राहणार, की हे?"

"सहाच लागतील हो, काका," शेजारी बोटं मोजत म्हणाला. "गाळे पाच, खांब सहा."

म्हणजे दोघं सामील होते! निरीक्षकांनी स्वतः खडूनं जमिनीवर खुणा केल्या. दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा सहा भरल्या. मग त्यांनी टेप उलटसुलट करून पाहिला. टेप त्यांचा स्वतःचाच होता.

"बरं, फळ्या?"

"सहा इंची ऐंशी. वर आठ जास्तीच्या. काही वाकड्या निघतात."

"म्हणजे वाकड्या आणायचं आधीच ठरलंय!"

सुतारानं उसासा टाकला. "फट किती ठेवू?"

"फट? अजिबात नाही. आणि उंची सहा फूट. माणसाचा डोळा आत येता कामा नये."

सुतारानं लिहून घेतलं. शेजारी मात्र टेपचं टोक सोडेना.

"काका, उंची पाच फूट केली तर?"

"का? बघायला सोपं जावं म्हणून?"

"हो," शेजारी म्हणाला.

सुताराची पेन्सिल थांबली.

"तुमच्या मुलीला रोज कळवायचं असतं, बाबा उठले म्हणून. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती, चिडाल म्हणून. तुम्ही नळाशी दिसलात की मी 'उठले' एवढंच लिहितो आणि कामावर पळतो."

निरीक्षक बराच वेळ टेपवरचे आकडे वाचत राहिले.

"सहाच," ते अखेर सुताराला म्हणाले, पण त्याच्याकडे न बघता.

"सहा तर सहा." शेजारी गुडघे झटकत उठला. "मग रोज साडेसहाला एकदा खोकत तरी जा, काका. जरा मोठ्यानं."