उरलेली चिंधी

‘कुमुदताई, गुडघा ठणठणीत आहे,’ असं डॉक्टरांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा शिवणकाम करणारी कुमुद चिडली. गुडघ्याच्या आतलं चित्र फोनवर दाखवणारं सोनोग्राफीचं कापड दिवसभर शिवायची तीच! घरी येऊन तिने त्याच कापडाची उरलेली चिंधी गुडघ्याला बांधली आणि मशीनवर बसली. पायडल मारताच कळ आली आणि फोनवर एक शीर हाडावरून टुणकन उडाली.

दुसऱ्या दिवशी ती मशीनच टेम्पोत घालून दवाखान्यात गेली.

‘झोपा, बघतो,’ डॉक्टर म्हणाले.

‘झोपल्यावर दुखतंय कुणाला?’ म्हणत तिने चिंधी बांधून पायडल मारलं.

फोनकडे बघून डॉक्टर ओशाळले. ‘मी सगळ्यांना झोपवूनच तपासत आलो! आता ज्याने त्याने आपलं काम सोबत आणायचं.’

सोमवारी दवाखान्यासमोर रांग लागली. एकाने सायकल आणली होती, एकाने कुंभाराचं चाक, आणि एक बाई तर घुंगरू बांधूनच आली होती.