राहिलेला विषय

“बसा,” बाई म्हणाल्या.

आत्या बसल्या. बसल्या म्हणजे खुर्चीवर हक्कच सांगितला. चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि बाईंकडे असं पाहिलं, की परीक्षा कोण कोणाची घेतंय असा प्रश्न पडावा. वर्गात दोघीच. मागची बाकं रिकामी. फळ्यावर कित्येक दिवसांत कोणी काही लिहिलं नव्हतं, तरी बाईंनी तो आधी पुसून घेतला होता.

कॉलेज लहान, पण तोरा मोठा. नुसत्या एका विषयात हुशार असून तिथे पदवी मिळत नाही. गणितवाल्याला चित्र काढावं लागतं, चित्रवाल्याला झाडं ओळखावी लागतात. शिवाय डोकं चालवायला शिकवणारा एक विषय हवाच: तर्कशास्त्र, नाहीतर संगणक. पोरं धावत सुटतात संगणकाकडे. आत्यांनी तर्कशास्त्र घेतलं. इतिहास हा त्यांचा मुख्य विषय, तो केव्हाच झाला. चित्रकलाही झाली. त्यांचा घोडा गाढवासारखा दिसत होता, पण पाय चारच होते म्हणून पास केलं. एवढा एकच विषय राहिला. दर वर्षी राहिला.

राहिला कसला, राखला होता. विषय राहिलाय तोवर आत्या कॉलेजच्या. ग्रंथालयात खिडकीजवळची खुर्ची त्यांची, कॅन्टीनमध्ये पाऊल टाकलं की पोरांच्या हाका, “आत्या, इकडे!” ‘आजी’ म्हणायची कोणाची छाती नव्हती. एकाने म्हटलं होतं. त्याला स्वतःच्या आजीची आठवण येईपर्यंत ऐकून घ्यावं लागलं. आणि घरी काय होतं? नवरा गेलेला, मुलगा परगावी, राहता राहिली फ्रिजची घरघर. फ्रिजशी माणसाने किती बोलावं? तो उलट उत्तर देत नाही, आणि उलट उत्तर न देणाऱ्याशी भांडण्यात काय राम?

म्हणून तोंडी परीक्षेत आत्या ठरवून चुकायच्या. “सगळी मांजरं दूध पितात. माझा शेजारी दूध पितो. मग शेजारी मांजर ठरतो का?” असं बाईंनी विचारलं की आत्या ठासून सांगायच्या, “ठरतो तर! मेल्याच्या पायाचा आवाजसुद्धा येत नाही.” मग बाई चहा मागवायच्या आणि चूक कुठे झाली ते समजावत बसायच्या. चहा संपायचा, दुपार सरायची, चूक संपायची नाही. बाईंची घरी कोणी वाट पाहत असेल का, हे आत्यांच्या मनात कधी आलं नाही. शिकवणाऱ्यालाही घर असतं हे कुठल्या विद्यार्थ्याला सुचतं?

पण या खेपेला आत्या वेगळंच ठरवून आल्या होत्या. परवा मुलगा फोनवर म्हणाला, “आई, सोड ना आता. नाही शिरत डोक्यात तर कशाला हसं करून घेतेस?” हसं! ज्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली, तो आता आईला शहाणपण शिकवतोय. त्यावर आज कचेरीतल्या कारकुनाने मीठ चोळलं. “आत्या, उरका हो यंदा. तर्कशास्त्राला तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तुम्ही सुटलात की विषयच बंद करायचाय.”

म्हणजे मी धोंड झाले! आत्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. घर खायला उठेल, उठू दे. पण ‘ढ’ म्हणून कोणी नाव ठेवायचं नाही. आज बरोबर उत्तर द्यायचं आणि ताठ मानेने बाहेर पडायचं. उद्यापासून आहेच फ्रिज.

बाईंनी घसा साफ केला.

“एकटी माणसं रेडिओ चालू ठेवून झोपतात. एक बाई रेडिओ चालू ठेवून झोपते. म्हणून ती बाई एकटी आहे. सिद्ध होतं का?”

आत्यांच्या जिभेवर नेहमीसारखं वाकडं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“नाही होत,” त्या म्हणाल्या. “एकटी माणसं रेडिओ लावतात, एवढंच म्हणालात. रेडिओ लावणारं प्रत्येक माणूस एकटंच, असं कुठे म्हणालात? एखादीचा नवरा शेजारी घोरत असेल, ते ऐकायला नको म्हणून लावत असेल बिचारी. नुसत्या रेडिओवरून बाई एकटी ठरत नाही.”

झालं. इतकी वर्षं जपलेलं एका दमात गेलं. आत्यांना वाटलं होतं, छाती फुगेल. ती काही फुगली नाही. उद्या कॅन्टीनमध्ये पोरं हाका मारतील, त्या कोणाला? त्या पिशवी उचलायला वाकल्या.

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्या रिकाम्या बाकांकडे पाहत होत्या.

“हेच तुमचं उत्तर? नक्की?”

“काळ्या दगडावरची रेघ.”

“चूक,” बाई म्हणाल्या.

आत्या ताडकन उठल्या. “चूक? माझं? कुठे चुकलंय ते दाखवा आधी!”

बाई उठून खिडकी लावू लागल्या. कडी नीट बसली होती, तरी त्यांचा हात तिच्यावरच राहिला. वळून न पाहताच त्या म्हणाल्या,

“ते पुढच्या वर्षी सांगते.”